खांबावरचा मृत्यू आणि छातीवरचे दोन हात

गावात किंवा शहरात, शाळेच्या वाटेवर एखादी तरी डीपी असतेच. रोहित्राभोवतीच्या कुंपणावर लाल रंगाची पाटी असते. तिच्यावर कवटी, दोन हाडे, 'धोका' हा शब्द आणि '११००० व्होल्ट' असा आकडा. ही पाटी पाहून विद्यार्थी हमखास विचारतात, "किती व्होल्टला माणूस मरतो?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याची मांडणीच थोडी चुकलेली आहे. पाटीवर विद्युत्दाब लिहिलेला असतो. शरीरातून प्रत्यक्ष प्रवाह किती जाईल, तो किती वेळ वाहील आणि त्याने हृदयाचे काय होईल, हे पाटी सांगत नाही. हे समजून घ्यायला आणि त्यावर उपाय शोधायला माणसाला सुमारे सत्तर वर्षे लागली. त्या ज्ञानाची किंमत मोजली ती मुख्यतः खांबावर चढून काम करणाऱ्या कामगारांनी. त्या सत्तर वर्षांचा हा मागोवा आम्ही येथे घेत आहोत, कारण शेवटी तो आपल्या वर्गापर्यंत येऊन पोहोचतो.

न्यूयॉर्क, १८८९

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर १८८० च्या डिसेंबरात कमानदीप, म्हणजे आर्क दिवे लागले. हे दिवे एकामागे एक असे एकसरीत जोडत. त्यामुळे त्यांच्या तारांवर काही हजार व्होल्ट दाब असे. १८८२ मध्ये एडिसनने त्याच शहरात ११० व्होल्टची एकदिश प्रवाहाची वीज द्यायला सुरुवात केली. पुढे काही वर्षांतच वेस्टिंगहाउस आणि इतर कंपन्यांनी उच्च दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह आणला. तार आणि टेलिफोनच्या तारा तर आधीपासूनच होत्या. पाहता पाहता शहरातले लाकडी खांब तारांच्या जाळ्याने भरून गेले. एकाच खांबावर निरुपद्रवी तारायंत्राची तार आणि प्राणघातक दिव्याची तार शेजारी शेजारी असत. वेष्टण निकृष्ट असे, आणि उन्हापावसात तेही गळून पडे.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी वेस्टर्न युनियन या तार कंपनीचा लाइनमन जॉन फीक्स एका खांबावर तारा दुरुस्त करत होता. त्याचे काम कमी दाबाच्या तारांचे होते. पण त्यांतली एक तार तिथून काही अंतरावर दिव्याच्या उच्च दाबाच्या तारेला टेकलेली होती. हे त्याला कळण्याचा कोणताच मार्ग नव्हता. त्याने ती तार धरली आणि तो जागीच गेला. भर दुपारी, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचा देह कितीतरी वेळ तारांत अडकून राहिला. शहर हादरले. धोकादायक तारा काढून टाकण्याचा महापौरांचा हुकूम दिवा कंपन्यांनी न्यायालयात अडवून धरला. अखेर त्या वर्षीच्या डिसेंबरात खांब तोडायला आणि तारा जमिनीखाली न्यायला सुरुवात झाली.

या घटनेतली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फीक्स 'जिवंत' तारेवर काम करत नव्हता. जी तार सुरक्षित आहे असे तो धरून चालला होता, तिने त्याचा बळी घेतला. या मुद्द्याकडे आपल्याला पुढे पुन्हा यायचे आहे.

भांडण प्रवाहांचे, प्रश्न वेगळाच

फीक्सच्या मृत्यूआधीच एडिसनचा पक्ष आणि वेस्टिंगहाउसचा पक्ष यांच्यात कडाक्याचे भांडण जुंपले होते. प्रत्यावर्ती प्रवाह अधिक घातक आहे हे सिद्ध करण्याचा विडा हॅरॉल्ड ब्राउन या अभियंत्याने उचलला होता. जुलै १८८८ मध्ये कोलंबिया महाविद्यालयात त्याने जाहीर प्रयोग केला. एका कुत्र्याला १००० व्होल्टपर्यंत एकदिश प्रवाहाचे धक्के दिले. कुत्रा तडफडला, पण जगला. मग ३३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह दिला आणि तो मेला. आधीच्या धक्क्यांनी तो अर्धमेला झाला होता, असा आक्षेप तिथेच घेतला गेला, आणि तो रास्तच होता.

ऑगस्ट १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न तुरुंगात विल्यम केम्लर या कैद्याला विजेच्या खुर्चीत बसवून देहदंड देण्यात आला. असा हा जगातला पहिला देहदंड. सुमारे १००० व्होल्टचा प्रवाह १७ सेकंद दिल्यावरही तो श्वास घेताना दिसला, आणि प्रवाह पुन्हा द्यावा लागला. एकीकडे तारेच्या ओझरत्या स्पर्शाने कामगार मरत होते. दुसरीकडे मारण्याच्या हेतूने दिलेल्या प्रवाहानेही माणूस लगेच मरत नव्हता. नुसत्या व्होल्टच्या भाषेत या कोड्याचा उलगडा होणे शक्य नव्हते.

आज आपण एवढे म्हणू शकतो की, ५० किंवा ६० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह तेवढ्याच एकदिश प्रवाहापेक्षा हृदयाला अधिक धोकादायक असतो, हे खरे आहे. पण दोन्ही पक्षांना हवा होता तो बाजारातला विजय. माणूस नेमका कशाने मरतो, याचा शोध घेणे हे त्या भांडणात कोणाचेच काम नव्हते.

हे भांडण चालू असताना खांबांवरची माणसे मरतच होती. १८९१ मध्ये सेंट लुईस येथे हेन्री मिलर या लाइनमनच्या पुढाकाराने दहा प्रतिनिधी जमले आणि त्यांनी वीज कामगारांची राष्ट्रीय संघटना स्थापन केली. काही भागांत कामावर घेतलेल्या दर दोन लाइनमनपैकी एक कामावरच मरे, असे या संघटनेने आपल्या इतिहासात नोंदवून ठेवले आहे. मिलर स्वतःही सुटला नाही. १८९६ मध्ये वॉशिंग्टनला तारांवर काम करताना त्याला धक्का बसला, तो खाली कोसळला आणि त्यातच त्याचा अंत झाला.

'बुडालेल्या माणसासारखा उपचार करा'

धक्का बसलेला माणूस मेलाच असे समजू नये, हे प्रथम ठासून सांगणाऱ्यांत फ्रान्सचे शरीरशास्त्रज्ञ आर्सेन द'आर्सोन्व्हाल होते. त्यांचे म्हणणे असे की, पुष्कळदा धक्क्याने श्वास थांबतो. म्हणून पाण्यात बुडालेल्या माणसाला देतात तसा कृत्रिम श्वासोच्छ्वास त्यालाही द्यावा. १८९४ मध्ये पॅरिसजवळ उच्च दाबाचा धक्का बसलेला एक कामगार अशा उपायाने खरोखरच वाचला.

पुढे इंग्लंडचे शेफर यांनी १९०३ च्या सुमारास एक सोपी पद्धत सुचवली. माणसाला पालथे झोपवायचे आणि पाठीच्या खालच्या भागावर लयीत दाब द्यायचा. वीज कंपन्यांनी ती उचलली. अमेरिकेत १९११ मध्ये वीज व्यवसाय आणि डॉक्टर यांचा एक संयुक्त आयोग नेमला गेला आणि ही पद्धत लाइनमनना शिकवण्यात येऊ लागली. आपल्याकडच्या उपकेंद्रांतील जुन्या तक्त्यांवर पालथ्या माणसाच्या पाठीवर गुडघे टेकून दाब देणारा मदतनीस दिसतो, तो याच पद्धतीचा.

या उपायाने काही जण उठून बसत. पण काही जणांवर तासन्‌तास दाब देऊनही काहीच होत नसे. असे का व्हावे?

जिनिव्हात मिळालेले उत्तर

उत्तर १८९९ मध्येच मिळाले होते. जिनिव्हाच्या ज्याँ-लुई प्रेव्हो आणि फ्रेदेरिक बातेली या शास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर पद्धतशीर प्रयोग केले. कमी दाबाचा प्रवाह दिला, तर हृदयाच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू एकदिलाने आकुंचन पावणे सोडून देतात आणि प्रत्येक स्नायुतंतू स्वतंत्रपणे थरथरू लागतो, असे त्यांना दिसले. यालाच तंतुकंपन किंवा फिब्रिलेशन म्हणतात. अशा वेळी हृदय हलत असते, पण रक्त पुढे ढकलत नाही. लेझीम खेळणाऱ्या शंभर मुलांनी एका ठेक्यावर हात हलवायचे सोडून आपापल्या मनाने हलवावे, तसा हा प्रकार. हालचाल भरपूर, खेळ मात्र मोडलेला.

याउलट दाब फार जास्त असला, तर पुष्कळदा तंतुकंपन होत नसे. श्वसन थांबे, मज्जासंस्थेला इजा होई, शरीर भाजून निघे. पण हृदय पुन्हा चालू होण्याची शक्यता राही. शेफरच्या पद्धतीने काही जण का वाचत आणि काही का वाचत नसत, ते आता कळले. ज्याचा फक्त श्वास थांबला आहे त्याला कृत्रिम श्वास उपयोगी पडतो. ज्याच्या हृदयात तंतुकंपन सुरू झाले आहे त्याच्या फुप्फुसात हवा भरली, तरी ती वाहून नेणारे रक्तच थांबलेले असते. घरातले 'साधे' २३० व्होल्ट सौम्य समजण्याची चूक का करू नये, तेही यातून कळते.

प्रेव्हो आणि बातेली यांना आणखी एक विलक्षण गोष्ट आढळली. थरथरणाऱ्या हृदयातून जोरदार विजेचा झटका लगेच दिला, तर थरथर थांबून ठोके पुन्हा सुरू होऊ शकत. मारणारी आणि तारणारी वीज एकच होती. पण हे निष्कर्ष शरीरशास्त्राच्या नियतकालिकांत पडून राहिले. खांबावरच्या माणसापर्यंत ते पोहोचायला आणखी तीस वर्षे गेली.

एका अभियंत्याची तीस वर्षे

वीज कामगारांचे वाढते मृत्यू पाहून अमेरिकेतील वीज उद्योगाने १९२० च्या दशकात संशोधनासाठी पैसा पुरवायला सुरुवात केली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हे काम विल्यम कौवेनहोव्हेन यांच्याकडे आले. ते डॉक्टर नव्हते. विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. डोनाल्ड हुकर हे शरीरशास्त्रज्ञ आणि ऑर्थेलो लँगवर्दी हे मज्जातज्ज्ञ त्यांच्या जोडीला होते. १९३३ मध्ये या गटाने कुत्र्यांवरील प्रयोगांतून प्रेव्हो-बातेलींचा निष्कर्ष पुन्हा सिद्ध केला: झटक्याने तंतुकंपन थांबवता येते.

१९४७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे क्लॉड बेक या शल्यचिकित्सकाने १४ वर्षांच्या एका मुलाचे थरथरणारे हृदय अशा झटक्याने पूर्ववत केले. पण त्यासाठी छाती उघडलेली असावी लागली. लाइनमनला याचा काय उपयोग? कौवेनहोव्हेन यांचा आग्रह होता की, छाती न उघडता, बाहेरूनच झटका देता आला पाहिजे. १९५७ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत तसे यंत्र तयार झाले. पण ते इतके जड होते की अपघाताच्या जागी नेणे अवघड. रक्ताभिसरण थांबल्यावर मेंदू काही मिनिटेच तग धरतो. यंत्र येईपर्यंतची ती मिनिटे कशी भरून काढायची?

१९५८ मध्ये त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर प्रयोग करत होता. झटका देण्यासाठी यंत्राची जड धातूची पाती कुत्र्याच्या छातीवर दाबली की, झटका देण्यापूर्वीच रक्तदाब किंचित वर जातो, असे त्याच्या लक्षात आले. ही नोंद त्याने किरकोळ म्हणून सोडून दिली नाही. नुसत्या दाबाने जर रक्त पुढे सरकत असेल, तर लयीत दाब देऊन अभिसरण चालू ठेवता येईल! जेम्स ज्यूड हे शल्यचिकित्सक त्यांना येऊन मिळाले. जुलै १९६० मध्ये कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांचा लेख अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २० रुग्णांवर ही पद्धत वापरली होती; त्यांपैकी १४ जण वाचले. या पद्धतीला कोणतेही उपकरण लागत नाही, फक्त दोन हात लागतात, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

त्याच सुमारास पीटर सफार आणि जेम्स एलम यांनी तोंडाने श्वास देण्याची पद्धत पाठीवर दाब देण्यापेक्षा सरस असल्याचे दाखवले होते. या दोहोंच्या जोडीतून आजचे सीपीआर तयार झाले. आज त्याचा सर्वाधिक उपयोग अचानक हृदय बंद पडलेल्या माणसांसाठी होतो. पण या शोधाची सुरुवात झाली ती खांबावरून पडणाऱ्या कामगाराला कसे वाचवावे, या प्रश्नातून. १९६९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने या अभियंत्याला वैद्यकशास्त्राची मानद पदवी दिली.

किती प्रवाह?

कॅलिफोर्नियात बर्कले येथे चार्ल्स डॅल्झिएल या प्राध्यापकाने दुसऱ्या बाजूने प्रश्न हाताळला. विजेची तार हातात धरली असता ती 'पकडून ठेवते' असे आपण म्हणतो. वास्तविक तार पकडत नाही. प्रवाहामुळे आपल्याच हाताचे स्नायू आवळले जातात. तर किती प्रवाहापर्यंत माणूस स्वतःहून हात सोडवू शकतो? १९४० च्या दशकात डॅल्झिएल यांनी १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया अशा स्वयंसेवकांवर ही मर्यादा मोजली. ६० हर्ट्झच्या प्रवाहासाठी ती पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत १०.५ मिलिअँपिअर निघाली. जवळजवळ सर्वांना हात सोडवता येईल अशी सुरक्षित मर्यादा त्यांनी अनुक्रमे ९ आणि ६ मिलिअँपिअर धरली. तंतुकंपनाचा धोका यापेक्षा मोठ्या प्रवाहाला असतो. प्रवाह सुमारे एक सेकंद वाहिला, तर १०० मिलिअँपिअरच्या आसपास तो गंभीर होतो.

हे आकडे फळ्यावर मांडून पाहण्यासारखे आहेत. २५ वॅटच्या दिव्यातून २३० व्होल्टला सुमारे १०९ मिलिअँपिअर प्रवाह जातो. म्हणजे खोलीत जेमतेम उजेड पाडणारा हा प्रवाह छातीतून गेला तर प्राण घेऊ शकतो. आता शरीराचा रोध पाहू. कोरड्या त्वचेचा रोध १ लाख ओहम धरला, तर २३० व्होल्टला २.३ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. फक्त मुंग्या येतील. त्वचा ओली असेल आणि रोध १००० ओहमवर आला, तर २३० मिलिअँपिअर. बटण तेच, दाब तोच. फरक घामाचा आणि पावसाचा. पावसाळ्यात अपघात का वाढतात, हे ओहमच्या नियमातूनच कळते. अर्थात हे गणित फळ्यावरच करायचे. शरीराचा रोध मोजण्याचा कोणताही प्रयोग घरच्या विजेवर करू नये, हे विद्यार्थ्यांना निक्षून सांगावे.

डॅल्झिएल यांनी या आकड्यांवरूनच १९६० च्या दशकात गळतीचा प्रवाह ओळखून क्षणार्धात वीज तोडणारे साधन बनवले. आपल्या घरांत ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी बसवतात, ते त्याच तत्त्वावर चालते.

वाचवण्याआधी

प्राण परत आणण्याची ही कहाणी रोमहर्षक खरी, पण ती दुसरी फळी आहे. पहिली फळी म्हणजे धक्का बसूच न देणे. इथे आपल्याला फीक्सकडे परत जावे लागते. त्याची तार 'बंद' होती. आजही तारांवर काम करताना मोठा धोका असतो तो याच गृहीतकात.

बंद केलेल्या वाहिनीत वीज कुठून येते? कोणीतरी चुकून स्विच लावतो. दुसरी वाहिनी वरून तुटून पडते. शेजारून जाणाऱ्या उच्च दाबाच्या वाहिनीमुळे प्रवर्तनाने दाब निर्माण होतो. किंवा एखाद्या दुकानाचा जनित्रसंच योग्य बदल-स्विच न बसवता घरजोडणीलाच जोडलेला असतो. त्याचे २३० व्होल्ट रोहित्रात उलटे शिरतात, आणि ११००० व्होल्टच्या वाहिनीवर काही हजार व्होल्ट तयार होतात. रोहित्राला उलटसुलट काही कळत नाही. फेऱ्यांचे गुणोत्तर दोन्ही दिशांनी सारखेच लागू पडते.

म्हणून सुरक्षित कामाचा क्रम ठरून गेला आहे. सर्व बाजूंनी वीज तोडायची. स्विचला कुलूप आणि सूचना लावायची. वीज नाही याची उपकरणाने खात्री करायची. मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडायच्या, आणि त्यानंतरच तारेला हात लावायचा. यातली अर्थिंगची पायरी जीव वाचवणारी आहे. अचानक वीज आलीच, तर प्रवाहाला शरीरापेक्षा कितीतरी कमी रोधाची वाट मिळते आणि फ्यूज किंवा ब्रेकर तुटतो. या पायरीला लागणारी पाच-दहा मिनिटे वाचवण्याचा मोह हाच खरा शत्रू. वरून 'लवकर करा' म्हणणारे फोन चालू असतात आणि अंधारात बसलेले आपणही तेच म्हणत असतो.

आपल्या देशात १९१० मध्ये वीज कायदा झाला आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईला पोहोचली. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत तारेवर काम करण्यापूर्वी अर्थिंग करणे, धोक्याची पाटी आणि धक्क्यावरील उपचाराचा तक्ता लावणे या गोष्टी सांगितल्या होत्या. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०१० मध्ये आणि सुधारून २०२३ मध्ये आले. नियमांची उणीव नाही. नियम आणि खांब यांच्यामध्ये हातमोजे, अर्थिंगचा रॉड, पुरेशी माणसे आणि पुरेसा वेळ असावा लागतो. कंत्राटावर आलेल्या तरुणालाही तो मिळायला हवा.

शिक्षकांनी यातले काय वर्गात न्यावे? आम्हांला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी वीज बंद करणे. घरच्या विजेत मुख्य स्विच सापडत नसेल, तर कोरड्या लाकडाने तार दूर करता येईल. उच्च दाबाच्या तारेपाशी मात्र काठीही चालत नाही. तिथे दूर थांबून वीज कंपनीला कळवणे हाच मार्ग. दुसरी, वीज तुटल्यावर माणूस निपचित असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी दाब द्यायला लागणे: ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. नववी-दहावीच्या मुलांना हे एका तासात घट्ट उशीवर शिकवता येते. जवळच्या आरोग्य केंद्रातून कोणी जाणकार बोलावता आला तर अधिकच चांगले.

शिकवताना हेही सांगावे की, ही कृती मुळात खांबावरच्या माणसासाठी शोधली गेली. तोच माणूस वादळी रात्री आपल्या गावची वीज परत आणायला बाहेर पडतो. तो तारा जमिनीला जोडत असताना आपल्याकडे अंधार आणखी दहा मिनिटे राहिला, तर ती दहा मिनिटे आपण त्याला द्यायला हवीत.